गणपतीला कोकणात न्यायची स्लो फिल्म

प्रश्न असा आला आहे: निकॉन एफएम२, ५० मिमीची एकच लेन्स, आणि तीन वर्षांत इल्फर्डची ४००ची एचपी५ सोडून दुसरी फिल्म घातलेली नाही. आता ग्रेनचा, म्हणजे फोटोत दिसणाऱ्या दाण्यांचा, कंटाळा आलाय. गणपतीत आठ दिवस गुहागरकडच्या गावी मुक्काम आहे. घर, आरतीला जमणारी माणसं, उघडीप मिळाली तर धबधबा आणि समुद्र. इल्फर्ड पॅन एफ प्लस, रोलाय रेट्रो ८०एस आणि आडॉक्स सीएमएस २० यांपैकी कोणती घ्यावी, आणि रोल घरी धुता येतील का?

आधी यादी देतो, कारणं मागाहून. पॅन एफचे दोन रोल, ८०एसचा एक, माणसांसाठी इल्फर्डच्याच एफपी४ प्लसचे दोन. समईच्या उजेडातल्या आरतीसाठी तुमची जुनी एचपी५ एक असू द्या. सीएमएस २० या खेपेला नको. तुम्ही न विचारलेली एफपी४ यादीत घुसवली म्हणून नाराज होऊ नका, निम्मं काम तीच करणार आहे.

ग्रेन बारीक हवा तर स्लो, म्हणजे कमी आयएसओची, फिल्म घ्या, हे आम्हाला आमच्या वरच्या पिढीने शिकवलं, आणि त्यांच्या काळात ते खरंही होतं. कोडॅकची पॅनाटॉमिक-एक्स ३२ एएसएची (आजच्या भाषेत आयएसओ) होती, आग्फाची एपीएक्स २५, क्रोएशियातल्या फोटोकेमिकाची एफके २५. चारशेच्या फिल्मपुढे यांची निगेटिव्ह लोण्यासारखी दिसायची. आता यातली एकही बनत नाही. कोडॅकची टेक्निकल पॅन २००४ मध्ये थांबली, फोटोकेमिका २०१२ मध्ये बंद झाली. पण त्याआधीच, १९८६ मध्ये, कोडॅकने टी-मॅक्स आणली होती आणि तिने हे गणित बिघडवलं. जुन्या फिल्ममधले चांदीच्या क्षाराचे स्फटिक खडीसाखरेसारखे असतात, टी-मॅक्समधले पोह्यांसारखे चपटे. तेवढ्याच चांदीत चपट्या स्फटिकाचं तोंड मोठं, म्हणून तो प्रकाश जास्त पकडतो आणि ग्रेन मात्र बारीकच राहतो. कोडॅकच्या तक्त्यात जुन्या घडणीच्या ट्राय-एक्स ४००चा ग्रॅन्युलॅरिटीचा आकडा (जितका लहान तितका ग्रेन बारीक) १७ आहे, टी-मॅक्स १००चा ८. फुजीने ॲक्रॉससाठी ७ दिला होता. इल्फर्डची डेल्टा १०० याच जातकुळीतली. म्हणजे नुसता ग्रेन बघायचा तर शंभरची ही मंडळी पन्नासच्या पॅन एफच्या मांडीला मांडी लावून बसतात.

त्यातून तुम्ही ३५ मिमीच्या निगेटिव्हचा ८ बाय १० इंचाचा प्रिंट काढणार असाल, तर एफपी४ आणि पॅन एफ यांतला ग्रेनचा फरक मी पैज लावून ओळखू शकणार नाही. १२ बाय १६ला ओळखेन. स्कॅन करून फोनवरच बघायचं असेल तर हा विषयच सोडून द्या.

मग स्लो फिल्म घ्यायची कशाला? दोन गोष्टींसाठी: तिचा कॉन्ट्रास्ट, आणि तिला रंग कसे दिसतात. तिसरं कारण अगदी व्यवहाराचं आहे. भर दिवसा शटर लांबवता येतं. या तीन गोष्टींवरून फिल्म निवडा, ग्रेन फुकटात मिळतो.

पण आधी हिशेब करा की ती तुम्हाला झेपणार आहे का. कडक उन्हात एफ/१६ला शटरचा आकडा आयएसओइतका, हा नियम तुम्हाला माहीत असेलच. म्हणजे पॅन एफ ५०ला धरली तर उन्हात एफ/८ वर १/२०० मिळतं, काही अडचण नाही. जरा ढग आले की दोन स्टॉप जातात (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), १/५० उरतं. पिवळा फिल्टर लावला, अजून एक स्टॉप. ५० मिमीच्या लेन्सला हातात कॅमेरा धरून १/३०च्या खाली मी जात नाही, वयामुळे हल्ली १/६०च्याही नाही. आणि कोकणातल्या घराच्या पडवीत, पावसाळी दुपारी, ५० आयएसओला एफ/२.८ वर १/३० मिळालं तर नशीब समजा. तिथे काका पान जुळवत बसलेत, मान हलतेय, हात हलतोय. स्लो फिल्मने तुम्हाला दिलेला सगळा बारकावा त्या हलण्यात वाहून जातो. पडवीसाठी एफपी४. तिचा वेग १२५ आहे, १००ला धरा. स्टँड लावून निवांत काम करायचं तिथे पॅन एफ. स्टँड न्यायचाच नसेल तर पॅन एफही नेऊ नका, पाचही रोल एफपी४चे घ्या आणि मजेत राहा.

आता पॅन एफविषयी जरा सविस्तर, कारण गैरसमज तिच्याबद्दलच जास्त आहेत.

ही मुळातच कॉन्ट्रास्टी फिल्म आहे. लोक ती मे महिन्यात विकत घेतात, कारण उन्हात स्लो फिल्म चालते असं कुठेतरी वाचलेलं असतं. मे महिन्यातलं बाराचं ऊन म्हणजे अंगणात चुना आणि झाडाखाली कोळसा. त्यात ही फिल्म घातली की चुना आणखी पांढरा, कोळसा आणखी काळा. मग तक्रार सुरू होते की पॅन एफमध्ये मधले टोन नाहीत. टोन आहेत, पण उन्हाने आधीच ताणलेला विषय तिने आणखी ताणला. हीच फिल्म श्रावण-भाद्रपदात वापरून बघा. ढगाळ उजेड सगळीकडून सारखा येतो, सावली म्हणून नाही. एचपी५वर असा दिवस ओल्या फडक्यासारखा राखाडी उतरतो. पॅन एफ त्याच उजेडात ओल्या कातळाची चकाकी, भाताच्या पात्यांची धार, कौलांवरून गळणारं पाणी वेगवेगळं काढून दाखवते. माझ्या मते ही पावसाळ्याची फिल्म आहे. फक्त पावसाळ्यात उजेड कमी, म्हणून तिला स्टँड लागतो.

मी ती ५०ला धरत नाही. ढगाळ हवेत ३२, ऊन पडलं तर २५, आणि ऊन असेल तेव्हा डेव्हलपिंगची वेळही कमी करतो. एफएम२ची डायल १२पर्यंत खाली जाते, त्यामुळे तुम्हाला अडचण नाही. ज्यांच्याकडे रोलवरचा डीएक्स कोड (फिल्मचा वेग सांगणारी खूण) वाचणारा साधा ऑटोमॅटिक कॅमेरा आहे त्यांनी मात्र आधी खात्री करावी. त्यातल्या कित्येकांना १०० आणि ४०० एवढेच आकडे कळतात, ५०चा रोल घातला तरी ते १००च समजतात.

दुसरी गोष्ट मी ठेच लागल्यावर शिकलो. पॅन एफवर उमटलेली पण अजून न धुतलेली प्रतिमा फार काळ टिकत नाही. रोल काढून झाल्यावर तीन महिन्यांच्या आत धुवा असं इल्फर्ड सांगतं. मी एकदा जूनमध्ये रोल संपवला, खिशातून काढून कपाटात ठेवला आणि विसरलो. पावसाळा गेला, दिवाळी गेली, जानेवारीत हाती लागला. धुतल्यावर निगेटिव्ह वाळत टाकली तेव्हा वाटलं, डेव्हलपरच मेलेला होता. पण त्याच टाकीत दुसऱ्या रिळावर एफपी४चा रोल होता आणि तो ठणठणीत आला होता. पॅन एफच्या उजळ भागांत काहीतरी होतं, सावल्यांच्या जागी नुसती काच. कडेचे फ्रेमचे आकडे तर भिंगातून शोधावे लागले. (ते आकडे या फिल्मवर तसेही पुसटच असतात, ताज्या रोलवरही. त्यावरून घाबरू नका.) गरम आणि दमट हवेत ही प्रतिमा आणखी लवकर पुसते, आणि आपल्याकडे दुसरी हवा असते कुठे?

आता रंगांकडे वळतो. माझ्या लेखी खरा मजकूर इथेच आहे.

कोकणात तुमच्या समोर लाल रंगाचे किती पदार्थ येणार आहेत ते मोजा. जांभ्याच्या चिऱ्याची भिंत, तांबडी माती, मंगलोरी कौलं, गणपतीला वाहिलेली जास्वंद, कपाळावरचं कुंकू, देवळावरचा भगवा. आणि त्याच्या जोडीला सगळीकडे हिरवं. काळ्या-पांढऱ्या फिल्मसाठी लाल आणि हिरवा हा नाजूक मामला आहे, कारण डोळ्याला टोकाचे वेगळे वाटणारे हे रंग साध्या फिल्मवर बहुतेक एकाच राखाडीत येतात. हिरव्या दूर्वांवर ठेवलेली लाल जास्वंद एफपी४वर काढा, फूल कुठे संपलं आणि दूर्वा कुठे सुरू झाल्या ते शोधत बसावं लागतं.

रेट्रो ८०एस इथे कामाला येते. ही मुळात आग्फा-गेव्हर्टची एव्हिफोट, म्हणजे विमानातून जमिनीचे नकाशे काढण्यासाठी बनवलेली फिल्म. उंचीवरून खाली बघताना मधल्या धुरकट हवेतून सगळ्यात जास्त विखुरतो तो निळा प्रकाश. लांब तरंगलांबीचा लाल प्रकाश त्यातून बराचसा सरळ येतो. म्हणून या फिल्मची नजर लालच्याही पुढे, अवरक्ताच्या उंबरठ्यापर्यंत, सुमारे ७५० नॅनोमीटरपर्यंत वाढवलेली आहे. साहजिकच तिला लाल वस्तू उजळ दिसतात. जांभ्याची भिंत तिच्यावर मऊ, फिक्या राखाडीत येते आणि चिऱ्यातली भोकं न् भोकं दिसतात. वर लाल फिल्टर चढवा: जास्वंद जवळपास पांढरी होते, आकाश काळवंडतं, झाडोरा किंचित उजळतो, आणि कपाळावरचं कुंकू गायब होतं. हे शेवटचं लक्षात ठेवा. काकूंचा फोटो लाल फिल्टरने काढलात आणि प्रिंट घरी पाठवलात, तर पुढच्या गणपतीत तुमचं काय स्वागत होईल ते मी सांगायला नको.

याच्या बरोबर उलटी इल्फर्डची ऑर्थो प्लस. उन्हात ८०, पिवळ्या दिव्याखाली ४०. तिला निळा आणि हिरवा दिसतो, लाल दिसतच नाही, म्हणून ती डार्करूममध्ये गडद लाल दिव्याखाली हाताळता येते. तिच्यावर चिरा काळा, कौलं काळी, कुंकू कुळकुळीत काळं. जुन्या घरांत भिंतीवर टांगलेल्या फोटोंत आजीच्या कपाळावर शाईचा ठिपका दिसतो ना? त्या काळच्या प्लेटांना लाल दिसत नसे, त्याचाच तो परिणाम. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत लालसर भाग बराच असतो, म्हणून ऑर्थोवर चेहरा एक-दोन पायऱ्या गडद उतरतो, सुरकुत्या खोल होतात. उन्हातान्हात राबलेल्या माणसाचा चेहरा यावर शिल्पासारखा दिसतो. मी एकदा हौसेने आत्याचा फोटो ऑर्थोवर काढला होता. तिने प्रिंट हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाली, "मला कोळशाच्या पोत्यातून काढलीस होय रे?" तो प्रिंट अजून माझ्याकडेच आहे, तिने नेला नाही. तुम्ही ऑर्थोबद्दल विचारलेलं नाही, पण पुढच्या वर्षी हिरव्या भातखाचरात काळी कौलं हवीशी वाटली तर आठवा.

८०एसच्या दोन खोडी सांगून ठेवतो. तिचा पाया पॉलिएस्टरचा आणि काचेसारखा स्वच्छ. त्यामुळे रोलच्या बाहेर आलेल्या टोकातून प्रकाश नळीतून पाणी जावं तसा आत शिरतो आणि पहिल्या काही फ्रेम धुरकटतात. रोल कॅमेऱ्यात घालायचा तो घरात, पाठ खिडकीकडे करून, आणि काढायचाही तसाच. त्याची प्लास्टिकची डबी शेवटपर्यंत फेकू नका. दुसरी खोड अशी की हा पाया फाटत नाही. शेवटच्या फ्रेमला लीव्हर अडली की अडली, जोर करू नका. साधी ॲसिटेटची फिल्म जोर केला तर स्वतः तुटते, ही तुटणार नाही, कॅमेऱ्याचे दाते तुटतील.

वेगाचंही सांगतो. डब्यावर ८० आहे, मी ४०ला धरतो. सावल्यांत ती कंजूष आहे. आडॉक्सची एचआर-५० याच हवाई घराण्यातली, पण त्यांनी तिच्यावर थोडं पूर्व-एक्स्पोजर देऊन सावल्या जरा उचललेल्या आहेत. ८०एस मिळाली नाही तर ती घ्या, माझी हरकत नाही. आरपीएक्स २५, फेरानियाची पी३० वगैरे नावं कुणी सुचवेल. वाईट एकही नाही, पण आठ दिवसांत तीन अनोळखी फिल्म शिकता येत नाहीत.

सीएमएस २० मी का नाकारली ते थोडक्यात. ती कागदपत्रांचे मायक्रोफिल्म काढण्याच्या जातीची फिल्म आहे. तिला काळं आणि पांढरं एवढंच यावं अशी तिची घडण. आडॉक्स तिच्यासाठी ॲडोटेक नावाचा वेगळा डेव्हलपर विकतं आणि त्यातच तिला २० आयएसओला माणसात आल्यासारखे मधले टोन येतात. साध्या डेव्हलपरमध्ये वेग तीन ते सहावर येतो. एक्स्पोजर अर्धा स्टॉप चुकलं तरी माफी नाही. आणि जो बारकावा ती देते तो पकडायला लेन्स तिच्या सगळ्यात धारदार छिद्रावर, एफ/५.६च्या आसपास, हवी. तुम्ही धबधब्यावर एफ/१६ लावलंत की विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे, लेन्सच मिलिमीटरला शंभर रेषांच्या आत अडकते. मग आठशे रेषांची फिल्म घेऊन उपयोग काय? घरी, टेबलावर, खिडकीच्या उजेडात शंख-शिंपले मांडून काढायचे असतील तेव्हा जरूर घ्या.

आता प्रत्यक्ष धबधबा. दाट ढग, हिशेबापुरती पॅन एफ २५ला धरू. अशा उजेडात एफ/५.६ला साधारण १/२५ बसतं. एफ/१६ वर गेलात की १/३. त्यावर नारिंगी फिल्टर चढवला, दोन स्टॉप गेले, एक सेकंदाच्या थोडं वर आलात. पाणी तलम दिसायला एवढं पुरतं, उजेड कमी करणारा वेगळा एनडी फिल्टर विकत घ्यायची गरज नाही. मला स्वतःला अर्ध्या सेकंदाचं पाणी आवडतं. त्यात धारांचे दोरे दिसतात. चार सेकंदांचं पाणी कापसासारखं होतं आणि सगळे धबधबे मग एकाच गावचे वाटतात. मीटर फिल्टरशिवाय घ्या आणि स्टॉप हाताने वाढवा: पिवळ्याला एक, नारिंगीला दोन, लालला तीन. लाल फिल्टरमधून कॅमेऱ्याचं मीटर नेहमी खरं बोलतंच असं नाही. शटर बोटाने दाबू नका, केबल रिलीज नसेल तर सेल्फ टायमर लावा.

काळ्या कातळावर मीटर धरताना एक सवय लावा. मीटरला कातळ मध्यम राखाडी करायचा असतो, आणि तुम्हाला तो काळाच हवा असतो. म्हणून कातळावरचं माप घेऊन दोन स्टॉप कमी द्या. तेवढ्यात कातळाचा पोत राहतो आणि फेसाळ पाणी निगेटिव्हवर डांबर होत नाही.

देवळाच्या सभामंडपात किंवा संध्याकाळी उशिरा समुद्रावर गेलात तर रेसिप्रॉसिटी आडवी येते. फार कमी उजेडात फिल्म आळसावते, मीटर सांगतं त्याहून जास्त वेळ द्यावा लागतो. पॅन एफसाठी इल्फर्डचं सूत्र म्हणजे मोजलेल्या सेकंदांचा १.३३वा घात. गणित नको असेल तर तीन आकडे वहीत लिहून ठेवा: ४ सेकंद मोजले तर ६ द्या, १० मोजले तर २१, ३० मोजले तर दीड मिनिट. रात्रीचं काम जास्त असेल तर फुजीची ॲक्रॉस २ बघा, तिला दोन मिनिटांपर्यंत काहीच वाढवावं लागत नाही. आणि वेरूळ-अजिंठ्यासारख्या पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी पुढे कधी गेलात तर स्टँडसाठी परवानगी लागते हे आधीच धरून चला.

घरी धुण्याबद्दल. धुता येतील, आणि खरं तर घरीच धुवा, कारण या फिल्मना वेळ कमी-जास्त करून मिळणारं सुख दुकानात मिळत नाही. तक्ते सगळे २० अंशांचे असतात. पॅन एफला आयडी-११ किंवा डी-७६ डेव्हलपर एकास एक पातळ केलेला, २० अंशांना साडेआठ मिनिटं, हा इल्फर्डचा आकडा. ऊन पडलेला रोल २५ला धरला असेल तर मी त्याला सात मिनिटं देतो. पण आपल्याकडे सप्टेंबरात नळाचं पाणी २६-२७ अंश असतं. ढोबळ हिशेब असा की एका अंशामागे वेळ दहा टक्के कमी होते. साडेआठची पाच मिनिटंही राहत नाहीत, आणि पाचच्या खाली डेव्हलपर सगळीकडे सारखा लागत नाही. आकाशात पट्टे दिसायला लागतात.

लोक मग बर्फाच्या मागे लागतात. मीही बरीच वर्षं बादलीत बर्फाच्या पिशव्या सोडत बसायचो. आता पाणी थंड करण्याऐवजी डेव्हलपर पातळ करतो. एकास तीनला २० अंशांची वेळ १५ मिनिटं आहे. २६ अंशांना ती आठ मिनिटांच्या आसपास येते, म्हणजे पुन्हा हातात सावकाश काम. फक्त टाकी ५०० मिलीची वापरा, ३०० मिलीत एवढ्या पातळ मिश्रणात एका रोलला पुरेल इतका डेव्हलपरच नसतो. थर्मामीटर मात्र हवाच, आणि डेव्हलपर, मधलं पाणी, हायपो (प्रतिमा पक्की करणारं द्रावण) सगळं एकाच तापमानाचं. पहिल्या दहा सेकंदांत टाकी चारदा उलटीपालटी करा, मग दर मिनिटाला दोनदा. इल्फर्ड चारदा सांगतं, पण पॅन एफच्या पांढऱ्या भागांना दोनदा पुरतं असा माझा अनुभव.

डेव्हलपरचं तयार पाकीट मिळालं नाही तर डी-२३ घरी बनवा. दोनच पदार्थ: लिटरला साडेसात ग्रॅम मेटॉल आणि शंभर ग्रॅम निर्जल सोडियम सल्फाइट. दागिन्यांसाठीचा छोटा डिजिटल काटा असला की झालं. पाऊण लिटर पाणी पन्नास अंशांपर्यंत तापवा. त्यात आधी चिमूटभर सल्फाइट टाका, मग मेटॉल, ते पूर्ण विरघळलं की उरलेलं सल्फाइट थोडं थोडं. क्रम उलटा केलात तर मेटॉल विरघळायलाच तयार होत नाही, तळाशी पांढरा गाळ होऊन बसतो. शेवटी गार पाणी घालून लिटर भरा. हातमोजे घाला, मेटॉलने काहींच्या बोटांना खाज सुटते. आणि स्वयंपाकघरातलं पातेलं वापरलंत तर ते पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही याची तयारी ठेवा. डी-२३ स्वभावाने मऊ आहे, उन्हातल्या पॅन एफला आणि ८०एसला तो मानवतो. वर्षातून चारच रोल धुणाऱ्याने रोडिनल हा डेव्हलपर ठेवावा. १८९१पासून चालत आलेली ही बाटली उघडली तरी वर्षानुवर्षं टिकते. दहा मिली रोडिनल, पाचशे मिली पाणी, पॅन एफला २० अंशांना अकरा मिनिटं.

हायपोचा दम तपासायला रोलच्या तोंडाचा कापलेला तुकडा उजेडातच हायपोत टाका आणि घड्याळ बघा. तो पारदर्शक व्हायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ रोल हायपोत ठेवायचा.

शेवटचं पाणी बोअरवेलचं नको. क्षारांचे पांढरे डाग आकाशातच पडतात, तेही अगदी मधोमध. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते पाणी पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं, त्यात वेटिंग एजंटचा (फिल्मवर पाण्याचे थेंब धरू न देणारं द्रव) एक थेंब टाकून अर्धा मिनिट बुडवा, बोटांनी पुसू नका, तशीच लटकवा. पावसाळ्यात वाळायला रात्रभर लागते, पण हवेत धूळ नसते हा फायदा. कोकणात मुक्कामी धुवायच्या फंदात पडू नका. रोल घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा. फ्रिजमध्ये ठेवले तर वापरण्याआधी दोन तास बाहेर काढून ठेवा, थंड फिल्मवर त्या हवेत लगेच दव धरतं.

फिल्म कुठून आणायची हेही विचारलं जाईलच. मी शिकलो तेव्हा उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचा. तो कारखाना बंद पडला, आता आपल्या हातात येतो तो रोल बाहेरून आलेलाच असतो. परदेशातला भाचा-पुतण्या गणपतीला येत असेल तर त्याच्याकडून मागवा, पण त्याला बजावून सांगा की रोल चेक-इनच्या बॅगेत टाकायचे नाहीत. केबिन बॅगेत, पारदर्शक पिशवीत, आणि जिथे नवी सीटी स्कॅनची यंत्रं आहेत तिथे हाताने तपासा म्हणून विनंती करायची. स्लो फिल्मला क्ष-किरणांचा त्रास चारशे-आठशेपेक्षा पुष्कळ कमी, पण सीटीच्या बाबतीत मी ५०च्या रोलचीही जोखीम घेत नाही.

निघण्याआधी एक काम करा. पॅन एफच्या एका जादा रोलवर घराजवळचीच एखादी जागा निवडा, जिथे विटांची भिंत, एखादं झाड आणि थोडं आकाश एका चौकटीत येईल. तेच दृश्य ५०, ३२, २५ आणि १२ला काढा, मग फिल्टर लावून पुन्हा तेच. वहीत नोंद ठेवा आणि आठवड्याच्या आत धुवा. निगेटिव्ह खिडकीसमोर धरून बघा: झाडाखालच्या सावलीत ज्या आकड्याला प्रथम काहीतरी दिसायला लागेल, तो तुमच्या कॅमेऱ्याचा, तुमच्या मीटरचा आणि तुमच्या डेव्हलपरचा पॅन एफचा वेग. तोच डायलवर ठेवून गावी जा. आणि तिथे काढलेले दोन्ही रोल दिवाळीच्या फराळाआधी टाकीत गेले पाहिजेत.